मॉन्ट्रियलमध्ये नवीन आलायत? नारिंगी पाटी दिसली की गाडी हलवा

दरवर्षी पहिला मोठा बर्फ पडला की दोन-चार दिवसांत कुणाचा तरी फोन येतोच, ताई, आमची गाडी चोरीला गेली. चोरीला गेलेली नसते हो. टो ट्रकने उचलून जवळपासच्या दुसऱ्या रस्त्यावर नेऊन ठेवलेली असते, आणि दंड वेगळा.

इथे बर्फाचं काम कसं चालतं ते आधी समजून घ्या. वर्षाला साधारण 2 मीटर बर्फ पडतो, आणि रस्ते फुटपाथ धरून 10,000 किलोमीटरच्या आसपास साफ करायचं असतं. पहिल्यांदा मीठ टाकतात (उणे 15च्या खाली मीठ फारसं चालत नाही, मग बारीक खडी), मग प्लाऊ येऊन बर्फ कडेला सारतात, आणि 10-15 सेंटीमीटर झाला की तो कडेचा ढीग उचलायला काढतात. मोठा ब्लोअर ढीग ओढून शेजारी चालणाऱ्या ट्रकमध्ये फेकतो, ट्रक भरला की लगेच मागचा पुढे येतो. तो बर्फ गटाराच्या खास तोंडांत नाहीतर डंपवर जातो. सॅं-मिशेलच्या फ्रांकाँ खाणीत तर एवढा डोंगर होतो की भर उन्हाळ्यातही काळाकुट्ट बर्फ शिल्लक असतो.

आता हा ब्लोअर तुमची गाडी उभी असताना ढीग उचलणार कसा? म्हणून आदल्या दिवशी किंवा काही तास आधी पार्किंगबंदीच्या नारिंगी पाट्या लावतात. पाटी फ्रेंचमध्ये, वेळ 24 तासांच्या घड्याळाची. 19 ते 7 म्हणजे संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत, 7 ते 19 म्हणजे दिवसा. बाण कुठल्या बाजूला आहे तेही बघा, कारण बरेचदा एक बाजू रात्री आणि समोरची दुसऱ्या दिवशी काढतात.

मी 2011च्या जानेवारीत आले, पार्क एक्सटेन्शनला राहायचे, फ्रेंच शून्य. पाटी बघितली होती, बर्फात अर्धी गाडलेली, वाटलं रस्त्याचं काहीतरी खोदकाम असेल. रात्री दोन सुरांचा सायरन वाजत राहिला, मला वाटलं अँब्युलन्स, मी पांघरूण डोक्यावर घेऊन झोपले. तो सायरन टो ट्रकचा असतो, गाडी काढा म्हणून शेवटची हाक! सकाळी जिथे गाडी होती तिथे नुसता काळा डांबरी रस्ता. उणे 20 मध्ये साध्या बुटांनी तासभर गल्ल्या धुंडाळल्या, टो ट्रकचे पैसे, दंड, आणि त्या दिवसाची शिफ्ट गेली ती गेलीच. नवीन आल्यावर महिन्याच्या किराण्याएवढी रक्कम अशी जाणं फार लागतं. म्हणून परत सांगते, सायरन ऐकला की स्वेटरवर जॅकेट चढवून खाली पळा. इन्फो-नेज ॲप टाका, त्यात तुमच्या रस्त्याची कुठली बाजू कधी ते दिसतं. गाडी उचललीच तर नंबर प्लेट टाकून कुठे ठेवलीय ते शहराच्या साइटवर कळतं, पोलिसांना फोन नको.

आपले लोक एक करतात ते मला अजिबात पटत नाही. बर्फ थांबून सहा तास होत नाहीत तोवर ग्रुपवर सुरू, एवढा टॅक्स घेतात आणि आमची गल्ली तशीच. अहो, आधी मोठे रस्ते, बसचे मार्ग, हॉस्पिटल-शाळांच्या आसपास, मग गल्ल्या. मोठ्या बर्फानंतर चार-पाच दिवस लागतातच. आणि स्वतःच्या गाडीवरचा बर्फ परत रस्त्यात ढकलू नका, त्यालाही दंड आहे.

विंटर टायर 1 डिसेंबर ते 15 मार्च सक्तीचे. बूट चांगले घ्या. बाहेरच्या लोखंडी जिन्यावर मीठ टाका.

गाडी सुरू करण्याआधी मागचा एक्झॉस्टचा पाइप मोकळा करा. प्लाऊने बर्फ दाबून भरलेला असतो, इंजिन चालू ठेवून आत मुलं बसवली तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत येतो, त्याला वास नसतो, माणूस जातो. हे मी प्रत्येकाला सांगते, वैतागले तरी सांगते.

आणि मुलांना रस्त्याकडेच्या ढिगात गुहा खणू देऊ नका. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना आत शिरून बसला होता, बाहेर फक्त लाल टोपीचा गोंडा दिसत होता. ब्लोअरच्या पुढे एक माणूस चालत असतो, त्याने हात वर करून मशीन थांबवलं आणि मला हाक मारली. तेव्हापासून बर्फात खेळायचं ते पार्कात किंवा मागच्या अंगणात.