मॉक कुठं लावायचा आन् कुठं नाही (पायथनवाल्यांसाठी)

कळमना मार्केटच्या संत्रा अडत्यांसाठी आम्ही बिलिंगचं ॲप लिहून राहिलो होतो, पट्टी (शेतकऱ्याच्या माल विक्रीचा हिशोब) सेव्ह झाली की त्याला एसएमएस जायचा. टेस्ट रन केली की खरेच मेसेज जायचे, आन् लाइट जाऊन नेट गेलं की सगळं लाल, म्हणजे टेस्ट फेल. तेव्हापासून मी टेस्टमध्ये खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी मॉक, म्हणजे खोटा ऑब्जेक्ट, लावतो, तो असा.

आधी क्लास सुधरवा. पट्टीचा क्लास एसएमएस गेटवेचा (मेसेज पाठवणाऱ्या क्लासचा) ऑब्जेक्ट आतच बनवत असेल तर तो बाहेरून कन्स्ट्रक्टरमध्ये द्या, मग टेस्टमध्ये त्याच जागी मॉक देता येते, पॅचची (टेस्टपुरतं कोडमधल्या नावाजागी मॉक टाकायची) गरजच पडत नाही.

जुना कोड हलवता येत नसेल तरच पॅच. इथं सगळे फसतात पाहा: क्लास एसएमएस फाइलमध्ये लिहिलाय पण बिलिंग फाइलनं 'फ्रॉम एसएमएस इम्पोर्ट गेटवे' केलंय, तर पॅच 'बिलिंग.गेटवे'वर लावायचा, कारण बिलिंगनं ते नाव स्वतःजवळ आणून ठेवलंय, मूळ जागी बदललं तर त्याला पत्ताच लागत नाही. आन् क्लास पॅच केला की त्याचा ऑब्जेक्ट म्हणजे मॉकची रिटर्न व्हॅल्यू, मेथडची सेटिंग तिच्यावर करा, क्लासवर नाही.

साधा मॉक मात्र वापरू नका भाऊ, खरंच सांगतो. साध्या मॉकला कोणतीही मेथड कशीही कॉल करा, तो हो म्हणते. आमच्या पाठवायच्या मेथडला आधी नंबर आन् मजकूर लागायचा, मग डीएलटीचा (मेसेजचा मजकूर आधी नोंदवायची व्यवस्था) टेम्प्लेट आयडी पण कम्पल्सरी केला, बिलिंगमध्ये बदलायचं राहून गेलं, टेस्ट हिरव्या आन् दोन दिवस एकाही शेतकऱ्याला मेसेज नाही. लोक फोन करून विचारत होते, माल विकला का नाही म्हणून. खऱ्या क्लासच्या मेथड पाहून तसाच मॉक बनवणारं 'क्रिएट ऑटोस्पेक' वापरलं असतं, नाहीतर पॅचमध्ये 'ऑटोस्पेक' ट्रू केलं असतं, तर तिथंच टाइपएरर आला असता.

मग 'असर्ट कॉल्ड वन्स विथ'नं पाहा, मेसेज एकदाच आन् बरोबर नंबरवर गेला का. मॉकच्या साइड इफेक्टमध्ये (कॉल केल्यावर काय व्हावं ते) टाइमआउटची एक्सेप्शन द्या, मेसेज फसला तरी पट्टी सेव्ह झालीच पाहिजे, ही टेस्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

हमाली-तोलाई कापायचा हिशोब कधीच मॉक करू नका, तो आपलाच कोड आहे, त्याला खरे आकडे द्या: 40 क्रेट, वजन, भाव, आन् हाती येणारी रक्कम पैशापर्यंत जुळवा.