वाळवलेल्या खिचडीचा खवटपणा कसा गेला

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराचे पाणी चिपळूण शहरात शिरले. तेव्हापासून, केवळ उकळते पाणी घालून खाता येईल असे जेवण मी दर पावसाळ्यापूर्वी घरीच वाळवून ठेवतो. पहिल्या वर्षी नेहमीसारखी तुपाच्या फोडणीची मुगाची खिचडी डिहायड्रेटरमध्ये, म्हणजे गरम हवेने अन्न वाळवणाऱ्या यंत्रात, वाळवली. ती दोन महिन्यांतच खवट झाली आणि काही पिशव्यांत बुरशीही दिसली.

खवटपणाचे कारण तूप होते, कारण वाळवताना पाणी उडते, स्निग्धांश मात्र तसाच राहतो आणि हवेशी संयोग होऊन बिघडतो. आता तांदूळ, डाळ, हळद, मीठ आणि किसलेले गाजर एवढेच शिजवतो, तूप ऐनवेळी वरून घालतो. बुरशीचा दोष जाड थराचा होता: वरचा पापुद्रा कडक होऊन आतला ओलावा कोंडला जात असे. म्हणून खिचडी पातळ पसरून सुमारे ६० अंश सेल्सिअसवर, मध्ये एकदा उलथून, दाणा चिमटीत कडकन मोडेपर्यंत वाळवतो. उन्हातल्या वाळवणाचा मोह मी सोडला, कारण कोकणातल्या दमट हवेत शिजलेले अन्न वाळण्याआधीच आंबते.

वाळलेली खिचडी पूर्ण गार झाल्यावर आठवडाभर काचेच्या बरणीत ठेवून रोज हलवतो. काचेवर दव दिसल्यास पुन्हा वाळवतो, आणि मगच हवाबंद पिशव्यांत भरून प्रत्येकीवर तारीख लिहितो. खाताना वाटीभर खिचडीला दीड वाटी उकळते पाणी घालून पंधरा मिनिटे झाकून ठेवतो.