आरोग्य सेतू अजून फोनमध्ये आहे? आधी खातं पुसा, मग अ‍ॅप काढा

2020 च्या उन्हाळ्यात सोसायटीच्या गेटवर वॉचमन कपाळावर बंदूक धरून ताप मोजायचा आणि ‘सेतू दाखवा’ म्हणायचा. हिरवी पट्टी दिसली की आपण आत. ते अ‍ॅप अनेकांच्या फोनमध्ये अजूनही धूळ खात पडलंय.

नुसतं अनइन्स्टॉल करू नका. नोंदणी करताना आपण नाव, मोबाइल नंबर, वय, लिंग, व्यवसाय आणि परदेश प्रवास एवढं सगळं दिलं होतं. ते सर्व्हरवर गेलं. अ‍ॅप काढलं म्हणून तिथली नोंद जात नाही. करोनाबाधिताच्या संपर्कात कोण आलं ते शोधण्याची अ‍ॅपमधली सोय बंद केली आणि त्यातून जमलेली माहिती पुसली, असं सरकारने 2023 मध्ये संसदेत सांगितलं. तरी आपलं खातं आपणच बंद केलेलं बरं.

खातं पुसा. लसीचं प्रमाणपत्र हवं असेल तर आधी उतरवून ठेवा. मग अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन खातं डिलीट करण्याचा पर्याय निवडा. जुलै 2020 मध्ये ही सोय आली, तेव्हा फोनमधली माहिती लगेच आणि सर्व्हरवरची 30 दिवसांनी पुसली जाईल, असं सांगितलं होतं. त्यानंतरच अ‍ॅप काढा. घरातल्या आजी-आजोबांचा फोनही तपासा. त्यांना ते बहुधा आपणच टाकून दिलं होतं.

पुढची साथ आली तर ‘हो’ दाबण्याआधी एक गोष्ट बघा: अ‍ॅपला आपण कुठे होतो हे हवंय, की फक्त कोणाजवळ होतो हे? कोणाजवळ होतो एवढंच कळायला ब्लूटूथ पुरतं. आरोग्य सेतूने ब्लूटूथच्या जोडीला लोकेशनही घेतलं. गूगल-अ‍ॅपलच्या पद्धतीवर बांधलेल्या जर्मनीच्या अ‍ॅपने लोकेशन घेतलं नाही. तिथे भेटींची नोंद ज्याच्या-त्याच्या फोनमध्ये राहायची आणि आपण बाधिताच्या जवळ होतो का, हेही फोनच तपासायचा.

दुसरं, माहिती आणखी कोणाच्या हाती जाऊ शकते ते वाचा. सिंगापूरच्या ट्रेसटुगेदर या अशाच अ‍ॅपमध्ये ती फक्त संपर्क शोधायला वापरू, असं लोकांना सांगितलं होतं. गुन्ह्याच्या तपासात पोलिसही ती मागू शकतात, हे जानेवारी 2021 मध्ये तिथल्या संसदेत उघड झालं. ओरड झाल्यावर कायदा करून तो वापर गंभीर गुन्ह्यांच्या सात प्रकारांपुरता ठेवला. म्हणून अ‍ॅपचं धोरण वाचताना ‘कायद्यानुसार आवश्यक असल्यास’ असे शब्द दिसले, की तिथे थांबून पुढची ओळ दोनदा वाचा.