मतदान यंत्रावरचा संशय कागदावर कसा तपासावा

निवडणुकीचा निकाल लागला की लोकलच्या डब्यापासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत ‘मशीन सेट केले होते’ हे वाक्य फिरू लागते. ते खरे की खोटे, हे सामान्य मतदाराला घरबसल्या ठरवता येत नाही. ते हसण्यावारी नेणाऱ्यालाही येत नाही, कारण यंत्रातील प्रोग्रॅम दोघांनीही पाहिलेला नसतो. मात्र यंत्राभोवती नियमानेच इतके कागद तयार होतात की संशयाचा बराच भाग त्यांच्यावर पडताळून पाहता येतो. पुढील माहिती लोकसभा आणि विधानसभा निवडणुकीपुरती आहे. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग वेगळ्या नियमांनी घेतो आणि तेथे व्हीव्हीपॅटची, म्हणजे दिलेल्या मताची कागदी चिठ्ठी छापून दाखवणाऱ्या यंत्राची, सक्ती नाही.

सर्वप्रथम आरोप नेमका कशावर आहे, हे वेगळे करावे. मतदार यादीतील बोगस नावे, संध्याकाळी पाचनंतर वाढलेली टक्केवारी, मोजणीच्या टेबलावरचा घोळ आणि यंत्रातील फेरफार ही वेगवेगळी प्रकरणे आहेत; एकाचा पुरावा दुसऱ्याला लागू पडत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघात शिंदे यांच्या शिवसेनेचे रवींद्र वायकर यांनी ठाकरे गटाचे अमोल कीर्तिकर यांचा ४८ मतांनी पराभव केला. गोरेगावच्या नेस्को येथील मोजणी केंद्रात मोबाइल वापरल्याचा गुन्हा नोंदवला गेला आणि ओटीपीने ईव्हीएम उघडल्याची बातमी आली. यंत्राला ओटीपी लागतच नाही, ते कोणत्याही नेटवर्कला जोडलेले नसते, असे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी स्पष्ट केले, आणि बातमी देणाऱ्या वृत्तपत्राने पुढे माफी मागितली. गंमत अशी की यंत्रांवरील मतांत कीर्तिकरच एका मताने पुढे होते. निकाल फिरला तो टपाली मतपत्रिकांवर, जेथे वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ मते मिळाली. सारा गदारोळ यंत्रावर झाला आणि फरक पडला तो कागदी मतांनी.

यंत्र नेटवर्कला जोडलेले नसते, हे उत्तर बरोबर असले तरी पुरेसे नाही. मुंबईत सरकारी ताब्यात असलेले एक यंत्र २०१० मध्ये हरी प्रसाद, ॲलेक्स हाल्डरमन आणि रॉप गोंग्राइप या संशोधकांच्या हाती लागले, आणि यंत्र काही काळ हातात असेल तर आकडे दाखवणारा भाग बदलून निकाल खोटा दाखवता येतो, हे त्यांनी करून दाखवले. यंत्र चोरीच्या प्रकरणात हरी प्रसाद यांना त्याच वर्षी अटक झाली. ते यंत्र जुन्या पिढीचे आणि व्हीव्हीपॅट नसलेले होते. तरीही त्यातून निघणारा धडा आजही लागू आहे. खरा धोका दूरच्या हॅकरपेक्षा यंत्राच्या ताब्यात आहे, म्हणून तपासणी ताब्यापासून सुरू करावी.

हे काम मतदान प्रतिनिधीचे, म्हणजे आपण ज्याला पोलिंग एजंट म्हणतो त्याचे. मतदान सुरू होण्याच्या साधारण दीड तास आधी किमान ५० मतांचे अभिरूप मतदान (मॉक पोल) होते. त्याला वेळेवर हजर राहावे, प्रत्येक उमेदवाराला दिलेली मते कागदावर टिपून ठेवावीत आणि ती कंट्रोल युनिटच्या (मते साठवून मोजणाऱ्या भागाच्या) निकालाशी व व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांशी जुळवावीत. त्यानंतर कंट्रोल युनिटमधील मते पुसली गेली आणि पेटीतील चिठ्ठ्या काढल्या गेल्या, याची खात्री स्वतःच्या डोळ्यांनी करावी. पुसायची राहून गेलेली अभिरूप मते हे आकडे न जुळण्याचे अगदी साधे कारण असते, आणि तेच पुढे कटाचा पुरावा म्हणून गाजते. शेवटी कंट्रोल युनिट, बॅलट युनिट (मतदार बटण दाबतो तो भाग) व व्हीव्हीपॅट यांचे क्रमांक आणि सीलचे क्रमांक वहीत लिहून घ्यावेत.

मतदाराने बटण दाबल्यावर खिडकीत सात सेकंद दिसणारी चिठ्ठी घाई न करता वाचावी. तीवर अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असते. चिठ्ठी चुकीची आली तर निवडणूक संचालन नियम ४९एमए प्रमाणे मतदान केंद्राध्यक्षांकडे लेखी तक्रार करता येते आणि चाचणी मत टाकून ती तपासली जाते. चाचणीत चिठ्ठी बरोबर आली तर मात्र खोटी माहिती दिल्याबद्दल कारवाई होऊ शकते. ही अट तक्रारदारालाच घाबरवणारी आहे, असा आक्षेप घेतला जातो आणि तो मला रास्त वाटतो.

संध्याकाळचा सर्वांत मोलाचा कागद म्हणजे नमुना १७सी. एखाद्या केंद्रावर नोंदवहीत किती मतदार नोंदले गेले, किती जणांनी मत देण्यास नकार दिला, चाचणी मते किती आणि यंत्रात एकूण मते किती, हे सारे त्यात असते, आणि त्याची प्रत हजर प्रतिनिधींना द्यावी लागते. दमून गेलेले प्रतिनिधी ती प्रत न घेताच निघून जातात, आणि निकालानंतर त्यांचाच पक्ष आकडे कोठे बदलले म्हणून विचारतो. पाचनंतर टक्केवारी का वाढली, या वादाचा निवाडाही टीव्हीवरच्या अंदाजी आकड्यावर न करता याच कागदांच्या बेरजेवर करावा. मोजणीच्या दिवशी टेबलावर आलेल्या कंट्रोल युनिटचा क्रमांक, सील आणि एकूण मते १७सी शी जुळल्याशिवाय पुढची मोजणी सुरू होऊ देऊ नये. हरकत असल्यास ती लेखी द्यावी.

व्हीव्हीपॅटची पडताळणी हा वादाचा गाभा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१९ च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रे सोडत काढून निवडली जातात आणि त्यांतील व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. पाच पुरेत का, याचे उत्तर गणितात आहे. समजा, एका क्षेत्रातील दर दहा केंद्रांपैकी एकात गडबड आहे. तर निवडलेल्या पाचांत त्यांपैकी एकही न सापडण्याची शक्यता सुमारे ५९ टक्के येते. मुंबईतील लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे असल्याने तीस केंद्रे तपासली जातात, आणि गडबड त्याच प्रमाणात असेल तर ती निसटण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आसपास उरते. राज्यातील २८८ क्षेत्रांत मिळून १,४४० केंद्रांची तपासणी होते. म्हणून ‘सगळे राज्य यंत्रांनी पळवले’ हा आरोप या तपासणीपुढे टिकणे कठीण आहे. ‘या एका जागेवर काही केंद्रांत गडबड झाली’ हा आरोप मात्र तिने खोडला जात नाही. चर्चेत नेमके हेच दोन आरोप एकत्र कालवले जातात.

जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ मध्ये तेथील यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला, तो फेरफार सिद्ध झाला म्हणून नव्हे, तर तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकाला मतदानाचे महत्त्वाचे टप्पे स्वतः तपासता आले पाहिजेत म्हणून. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी मतपत्रिकांकडे परतण्याची आणि सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, पण व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवारांची चिन्हे भरणारी युनिट्स सील करून निकालानंतर ४५ दिवस जपून ठेवण्यास सांगितले.

त्याच निकालाने दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला एक नवा मार्ग दिला. निकालानंतर सात दिवसांत लेखी अर्ज करून तो प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांच्या मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे प्रोग्रॅम असलेल्या चिपची, तपासणी मागू शकतो. खर्च त्याने भरायचा असतो आणि फेरफार सापडल्यास तो परत मिळतो. कोणती यंत्रे तपासायची, हे केंद्राच्या किंवा यंत्राच्या क्रमांकाने त्यालाच सांगायचे असल्याने मतदानाच्या दिवशीची वही येथे उपयोगी पडते. मुंबई उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करण्याची मुदत निकालानंतर ४५ दिवसांची असते. मतदान केंद्रांवरील सीसीटीव्ही चित्रीकरणही याचिका नसल्यास ४५ दिवसांनंतर नष्ट करण्याची सूचना आयोगाने २०२५ मध्ये दिलेली आहे. त्यामुळे चित्रीकरण जपून ठेवण्याची लेखी मागणी पहिल्याच आठवड्यात करावी आणि अर्जावर पोच घ्यावी.