मेकमधून पीएसक्यूएलच्या स्क्रिप्ट चालवताना

पोस्टग्रेसच्या डेटाबेसवर ओळीने काही स्क्रिप्ट चालवायच्या असतील, तर मेकफाइलमध्ये लिहिलेली कामे चालवणारे मेकसारखे जुने साधन आजही पुरेसे पडते. मात्र डेटाबेसमध्ये काय घडले हे मेकला दिसत नाही. पीएसक्यूएल (पोस्टग्रेसला आज्ञा देणारा कमांडलाइन प्रोग्रॅम) बंद होताना जो एक्झिट कोड (काम जमले की फसले हे सांगणारा आकडा) देते, तेवढाच त्याला कळतो. शून्य आला की मेक पुढे जाते, दुसरे काही आले की थांबते.

अडचण अशी की स्क्रिप्टमधले एखादे विधान चुकले, तरी पीएसक्यूएल त्रुटी छापून पुढची विधाने चालवते आणि शेवटी शून्यच परत करते. माझ्या एका स्क्रिप्टमध्ये पहिले विधान जुन्या टेबलातील माहिती नव्या टेबलात उतरवणारे होते आणि दुसरे जुने टेबल पाडणारे. पहिल्यात एका कॉलमचे नाव चुकले, दुसरे बिनबोभाट पार पडले, आणि मेकने सारे सुरळीत झाल्याचे कळवले. सुदैवाने आदल्या रात्रीचा बॅकअप होता.

म्हणून 'ऑन एरर स्टॉप' हे चल (मोठ्या अक्षरांत, अंडरस्कोअरने जोडून) प्रत्येक हाकेत चालू ठेवावे, म्हणजे पहिल्याच चुकीला पीएसक्यूएल थांबते आणि ३ हा कोड देते. सोबत सगळी स्क्रिप्ट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळे किंवा काहीच नाही अशा गटात, चालवणारा 'सिंगल ट्रान्झॅक्शन' हा पर्याय दिल्यास तोवर झालेले बदलही मागे घेतले जातात. अर्थात, व्हॅक्यूम (टेबलातल्या मृत ओळींची साफसफाई) किंवा 'कन्करंटली' पद्धतीने (टेबलावरचे लिखाण न अडवता) इंडेक्स बांधणे ही कामे ट्रान्झॅक्शनच्या आत चालतच नाहीत; त्यांच्यासाठी वेगळी फाइल आणि मेकमध्ये वेगळे लक्ष्य (टार्गेट) ठेवावे. कोणाच्या तरी होम फोल्डरमधली पीएसक्यूएलची खासगी सेटिंग्ज मध्ये लुडबुडू नयेत यासाठी मोठ्या एक्सचा पर्यायही द्यावा. स्क्रिप्ट रीडायरेक्ट करून देण्यापेक्षा लहान एफच्या पर्यायाने दिलेली बरी, कारण मग त्रुटीसोबत फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक छापला जातो.

एवढे करूनही कोड वाटेत हरवू शकतो. लॉग ठेवण्यासाठी आउटपुट पाइपने 'टी' या (ते पडद्यावर दाखवून फाइलीतही लिहिणाऱ्या) आज्ञेकडे वळवले, तर मेकला पीएसक्यूएलचा नव्हे, 'टी'चा कोड मिळतो, आणि तो बहुधा शून्यच असतो. म्हणून शेल बॅश ठेवून 'पाइपफेल' चालू करावे, म्हणजे पाइपमधली कोणतीही आज्ञा फसली तर तिचा कोड मेकपर्यंत पोचतो. सगळ्या फाइली शेलच्या फॉर लूपमध्ये फिरवल्या, तरी शेवटच्या फाइलचाच कोड हाती लागतो.

फाइलींचा क्रमही मेकच्या मर्जीवर सोडू नये. ग्नू मेकच्या ३.८२ आवृत्तीपासून ४.३ येईपर्यंत 'वाइल्डकार्ड'ने (नमुन्याशी जुळणाऱ्या फाइली शोधणाऱ्या फंक्शनने) दिलेली यादी क्रमवार असण्याची हमी नव्हती, त्यामुळे ती 'सॉर्ट'मधून काढावी आणि फाइलींना ००९, ०१० असे क्रमांक द्यावेत. नुसते ९ आणि १० दिले, तर १० आधी चालते.

पासवर्ड मेकफाइलमध्ये लिहू नये. तो होम फोल्डरमधल्या 'पीजीपास' फाइलीत ठेवावा आणि तिच्या परवानग्या ०६०० कराव्यात. त्याहून सैल असतील तर युनिक्सवर ती फाइल वाचलीच जात नाही. शिवाय 'नो पासवर्ड' हा पर्याय द्यावा, नाहीतर क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सेवेतून) चाललेले काम पासवर्डची वाट पाहत अडकण्याचा धोका राहतो.

खऱ्या स्क्रिप्टना हात लावण्यापूर्वी चाचणीच्या डेटाबेसवर एकाला शून्याने भागणारे एकच विधान असलेली फाइल मेकमधून चालवून पाहावी. मेकने 'एरर ३' असे छापून काम थांबवले, तर जोडणी बरोबर आहे. २ दिसला तर डेटाबेसशी संपर्कच झालेला नाही, आणि १ दिसल्यास आधी फाइलचा पत्ता तपासावा.