पुण्याच्या पेठा एका दिवसात पायी: क्रम, वेळा आणि हमखास होणाऱ्या चुका

पुणे बघायला येणारी मंडळी बहुतेक वेळा यादीच मोठी करून येतात. शनिवारवाडा, दगडूशेठ, आगाखान पॅलेस, पर्वती, सिंहगड, वर तुळशीबागेत खरेदी, आणि हे सगळं एका दिवसात, गाडीतून. मग अर्धा दिवस सिग्नलला जातो, पाव दिवस पार्किंग शोधण्यात. सिंहगड नैर्ऋत्येला आणि आगाखान पॅलेस ईशान्येला, मध्ये अख्खं शहर, हे नकाशा उघडून कुणी बघतच नाही.

खरं बघण्यासारखं जुनं पुणं फार लहान आहे. शनिवारवाड्यापासून मंडईपर्यंत चालत गेलं तर सव्वा-दीड किलोमीटर. एवढ्या तुकड्याला एक पूर्ण दिवस द्या आणि बाकीचं दुसऱ्या दिवसावर टाका. मात्र क्रम चुकवू नका. सकाळची ठिकाणं दुपारी केली तर ऊन आणि गर्दी, दुपारची संध्याकाळी केली तर कुलूप.

गाडी आणू नका

पेठांत गाडी म्हणजे डोक्याला ताप. शिवाजी रस्ता शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे एकेरी, बाजीराव रस्ता त्याच्या उलट, आणि लक्ष्मी रस्ता पूर्वेकडून अलका टॉकीजकडे. एक वळण चुकलं की पूर्ण फेरा. त्यात बऱ्याच रस्त्यांवर पार्किंगची बाजू सम-विषम तारखेप्रमाणे बदलते. रात्री नियमात उभी केलेली गाडी सकाळी नियमाबाहेर जाते आणि टोइंगवाले ती उचलून नेतात. पी-१, पी-२ च्या पाट्या त्यासाठीच असतात.

मेट्रोने या. सिव्हिल कोर्टला दोन्ही मार्ग एकमेकांना मिळतात. तिथून स्वारगेटच्या भुयारी मार्गावर पुढचं स्टेशन कसबा पेठ, मग मंडई, मग स्वारगेट. हा तुकडा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि पेठा बघणाऱ्यांची मोठी सोय झाली. सकाळी कसबा पेठेला उतरायचं, संध्याकाळी मंडईला चढायचं. स्वच्छतागृहं स्टेशनात असतात, तिथेच उरकून घ्या. गल्ल्यांत ऐनवेळी शोधाशोध करावी लागते.

पायात लेसचे बूट नकोत. दिवसभरात चार-पाच देवळांत आत-बाहेर करायचं आहे, त्यामुळे पट्ट्याची चप्पल किंवा सँडल बरी. पिशवीत पाण्याची बाटली, टोपी आणि एक रिकामी कापडी पिशवी. ती का, ते पुढे येईलच.

वाराचाही विचार करा. सोमवारी लक्ष्मी रस्ता आणि तुळशीबागेतली बरीच दुकानं बंद असतात. मंगळवारी आणि संकष्टीला दगडूशेठसमोर पाय ठेवायला जागा नसते, अंगारकी असेल तर विचारूच नका. गणेशोत्सवात यायचं तर रोषणाई आणि देखाव्यांसाठी या, वाडे बघायला नको. त्या दहा दिवसांत संध्याकाळनंतर मधले रस्ते वाहनांना बंद होतात आणि चालणंही रेटारेटीचं होतं.

सकाळ: कसबा, वाडा, तांबट आळी

साडेसातला मिसळीने सुरुवात करा. पुणेरी मिसळीत खाली पोहे आणि बटाट्याची भाजी असते, वर शेव-चिवडा, आणि रस्सा कोल्हापुरी मिसळीइतका जहाल नसतो. बऱ्याच जुन्या ठिकाणी सोबत पावाऐवजी स्लाइस ब्रेड येतो, त्याला नाक मुरडू नका. रस्सा आणखी हवा असेल तर ‘सॅम्पल’ मागा, इथे तोच शब्द चालतो. दुपारनंतर चांगल्या ठिकाणची मिसळ संपलेली असते, म्हणून हे काम सकाळीच.

तिथून कसबा गणपती. हे पुण्याचं ग्रामदैवत आणि विसर्जन मिरवणुकीतला मानाचा पहिला गणपती. देऊळ छोटं आहे, पंधरा-वीस मिनिटं पुरतात. मग लाल महाल. आत्ता उभी असलेली इमारत महापालिकेने विसाव्या शतकात बांधलेली आहे, शिवकालीन नाही. एप्रिल १६६३ मध्ये शाहिस्तेखानावर छापा पडला तो मूळ महाल केव्हाच गेला. लहान मुलं सोबत असतील तर थांबा, नाहीतर बाहेरून बघून पुढे चला.

शनिवारवाड्याला वाडा उघडल्या उघडल्या पोचायचं. तिकिटासाठी मोबाइलवरून पैसे भरण्याची तयारी ठेवा. आत जाण्याआधी दिल्ली दरवाजासमोर पाच मिनिटं उभे राहा. दरवाजाच्या प्रत्येक फळीवर बहात्तर अणकुचीदार खिळे आहेत, साधारण हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर. हत्तीने धडक देऊन दार फोडू नये यासाठी ही व्यवस्था. रोजच्या ये-जा करण्यासाठी त्याच फळीत दिंडी दरवाजा आहे. त्यातून जाताना माणसाला वाकावंच लागतं, म्हणजे आत येणाऱ्याची मान आधी खाली.

आत गेल्यावर अनेकांचा हिरमोड होतो. ‘आत तर काहीच नाही’ हे वाक्य दिवसाकाठी शेकडो वेळा ऐकू येत असेल. वाडा १७३२ मध्ये राहायला तयार झाला आणि १८२८ च्या आगीत लाकडी मजले आठवडाभर जळत राहिले. उरली ती दगडी जोती आणि तट. म्हणून इथे मजले शोधत बसू नका, जोती वाचा. आधी नगारखान्याच्या बाजूने तटावर चढा आणि वरून खालचे चौथरे बघा. चौक कुठे, खोल्या कुठे, भिंती किती जाड, हे वरूनच कळतं. मग खाली उतरून हजारी कारंज्याकडे जा. सोळा पाकळ्यांच्या कमळाचा आकार अजून स्पष्ट दिसतो.

पेशव्यांच्या पुण्याला पाणी कात्रजच्या तलावातून यायचं, उतार साधून बांधलेल्या भुयारी नळाने. पंप नाही, काही नाही, सगळं उताराच्या जोरावर. वाटेत ठिकठिकाणी हौद होते. फडके हौद, काळा हौद ही चौकांची नावं तिथलीच. रिक्षावाल्याला ‘फडके हौद’ सांगितलं की तो बरोबर आणून सोडतो, हौद दिसो न दिसो.

साडेनऊला वाड्यातून निघालात की पुन्हा कसब्यात मागे या. उलटं चालणं वाटेल, पण तांबट आळीत सकाळी लवकर गेलात तर दारं बंद असतात. दहाच्या पुढे हातोड्यांच्या आवाजावर चालत राहिलात तरी पोचाल. इथलं खास काम म्हणजे मठारकाम. तांब्याच्या पत्र्याला आकार देऊन झाला, चिंचेच्या किंवा आम्लाच्या पाण्याने भांडं लख्ख झालं की ते लोखंडी टेकणावर धरतात आणि गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने ओळीने ठोके देतात. हातोडी एका जागी पडते आणि सरकत राहतं ते भांडं. एकेक ठोका आधीच्या ठोक्याला जेमतेम चिकटून पडतो. ठोक्यांनी मऊ तांबं कडक होतं आणि प्रत्येक खळगीवर उजेड वेगळा चमकतो.

विकत घ्यायचं असेल तर भांडं उजेडात तिरकं धरा. हाताच्या ठोक्यांच्या ओळी गोल फिरत जातात आणि कुठेतरी एखादा ठोका किंचित मोठा असतो. सगळ्या खळग्या शिक्का मारल्यासारख्या एकसारख्या दिसल्या तर ते यंत्राचं काम समजा. भाव वजनावर ठरतो, म्हणून काट्यावर ठेवायला सांगायला संकोच नको. पाण्यासाठी भांडं हवं असेल तर आतून तांबंच राहू द्या. स्वयंपाकासाठी हवं असेल तर कल्हई करून घ्या, कारण चिंच, ताक, टोमॅटो असं आंबट उघड्या तांब्याला लागलं की पदार्थ कळकतो. फोटो काढण्याआधी विचारा. काम चालू असताना कारागिराच्या उजेडात उभं राहू नका.

अकरा ते साडेतीन

फडके हौदाकडून शिवाजी रस्त्याला लागा. दगडूशेठ गणपतीची मूर्ती रस्त्यावरूनही दिसते. रांग मोठी असेल तर बाहेरून हात जोडून पुढे निघण्यात कमीपणा नाही. देवळासमोरच भिडेवाड्याची जागा आहे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली ती इथे. मोडकळीला आलेला वाडा डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडण्यात आला, त्यामुळे जुन्या फोटोतली इमारत शोधत फिरू नका.

पुढे तांबडी जोगेश्वरी, मग विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधलेला. आतल्या भागात दुरुस्तीची कामं निघतात, सगळं उघडं मिळेलच असं नाही. पण याची खरी मौज बाहेरच आहे. समोरच्या फुटपाथवर उभं राहून वर बघा. लाकडी सज्जाला सुरूदार खांब आहेत, म्हणजे सुरूच्या झाडासारखे खाली फुगीर आणि वर निमुळते. बाजीराव रस्त्यावर रोज जा-ये करणाऱ्या पुणेकरांनीही तो सज्जा मान वर करून क्वचितच बघितला असेल.

जेवण साडेबाराच्या आत उरका, नंतर खाणावळींत थाळीसाठी ताटकळावं लागतं. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याची पुणेरी रीत आता पुष्कळ सैल झाली आहे, तरी पेठांतल्या लहान दुकानदारांची वामकुक्षी शाबूत आहे. म्हणूनच हे तास छताखाली घालवायचे: राजा दिनकर केळकर संग्रहालय, बाजीराव रस्त्यालगत नातूबागेजवळ. दिनकर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. संग्रहाला त्यांनी अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं.

इथे दोन तास हवेत, आणि तरीही सगळं बघायचा हट्ट नको. संग्रह वीस हजारांच्या घरातल्या वस्तूंचा, त्यातला थोडाच भाग मांडलेला असतो. दिवे, अडकित्ते आणि वज्री यांपुढे रेंगाळा. अडकित्ता म्हणजे सुपारी कातरायचं साधं हत्यार, पण इथे त्याची पाती पक्षी होतात, घोडे होतात, माणसं होतात. टाचा घासायच्या वज्रीवरही कुणीतरी हत्ती घडवून ठेवला आहे. रोजच्या वस्तूवर एवढा जीव ओतणारा कारागीर कोण, हे मात्र पाटीवर नसतं. मस्तानी महालाचं दालन शेवटी ठेवा. कोथरूडच्या वाड्याचे अवशेष आणून ते इथे उभं केलं आहे. तिकीट खिडकी संग्रहालय बंद होण्याच्या आधीच बंद होते, हे उशिरा येणाऱ्यांना नेमकं दारात कळतं.

चारनंतर

तुळशीबागेत बहुतेक लोक खरेदी करतात आणि रामाचं देऊळ न बघताच परततात. कानातल्यांच्या आणि भांड्यांच्या दुकानांमधून आत जाणारी कमान शोधा. दहा पावलांत बाजाराचा गलका मागे पडतो आणि समोर लाकडी सभामंडप येतो. देवळाचं काम नारो अप्पाजी खिरे यांनी १७६१ मध्ये सुरू केलं. तेच पुढे तुळशीबागवाले झाले. खरेदीत पितळी भातुकली घ्यावी, ती इथली खरी ओळख. आधी एक पूर्ण फेरी मारून भाव ऐका, मग घासाघीस. मोबाइल मागच्या खिशात ठेवू नका.

तिथून पाच मिनिटांवर महात्मा फुले मंडई, १८८६ ची, मूळ नाव रे मार्केट. इमारत अष्टकोनी आहे. आत मध्यभागी उभे राहा, आठही बाजूंना फाटे फुटलेले दिसतात आणि वर उंच मनोरा. सकाळची ती कापडी पिशवी आता काढा. मोसमात अंजीर किंवा सीताफळं मिळाली तर सोडू नका, पुरंदरचा माल असतो. फळं अगदी तयार झालेली घेऊ नका, मेट्रोतच त्यांचा लगदा होतो.

मंडईहून स्वारगेट एकच स्टेशन. तिथून रिक्षाने पर्वतीचा पायथा. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी चढायला लागा. पायऱ्या १०३, पण रुंद आणि उताराच्या, त्यामुळे लय बिघडते आणि गुडघे कुरकुरतात. कडेने तिरकं चढत गेलं की सोपं पडतं. देवदेवेश्वराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधून घेतलं. पानिपतानंतर १७६१ मध्ये त्यांचा अंत इथेच झाला. दर्शन झालं की नैर्ऋत्येकडच्या कठड्याशी जा. हवा स्वच्छ असेल तर मनोऱ्यांवरून सिंहगड लगेच ओळखू येतो. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, उतरताना घाई नको.

रात्री मस्तानी. घट्ट दूध आणि त्यावर आइस्क्रीमचा गोळा. चमच्याने सुरुवात करायची आणि शेवटी ग्लास तोंडाला लावायचा. जेवणानंतर पूर्ण ग्लास संपत नाही, दोघांत एक पुरतो.

दुसऱ्या दिवसासाठी

सिंहगड की आगाखान पॅलेस, एक निवडा. सिंहगडला जायचं तर सहाला निघा, अतकरवाडीतून पायी चढायला दीड तास धरा. शनिवार-रविवारी, त्यातही पावसाळ्यात, गाड्या पायथ्यापासूनच तुंबतात आणि घाटात दरडीचा धोका असतो. पॅलेसला जायचं तर वनाज-रामवाडी मार्गावर कल्याणीनगरला उतरा. गांधीजी इथे ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ स्थानबद्ध होते. कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्या मागच्या बाजूला आहेत. लोक पुढच्या कमानींपाशी फोटो काढून तिथूनच परततात, तुम्ही आधी मागे जा. परतीच्या वाटेवर जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर अर्ध्या तासात होतं. आठव्या शतकात एकाच खडकात कोरलेलं, समोर गोल नंदीमंडप. छत्रपती संभाजी उद्यान स्टेशनवरून चालत जाता येतं.