मेंढ्या माजावर येत नाहीत? इंजेक्शन आणण्याआधी या चुका टाळा

धुळे-साक्रीकडे पाऊस पडून हिरवं उगवलं की मेंढपाळांचा एक प्रश्न ठरलेला: "नर सोडून महिना झाला, मेंढ्या काही लागत नाहीत. कोणतं इंजेक्शन द्यायचं?" इंजेक्शनाकडे शेवटी येऊ. आधी माजाचं चक्र समजून घ्या.

गाईचं चक्र २१ दिवसांचं, मेंढीचं साधारण १७. माज टिकतो २४ ते ३६ तास आणि बीज सुटतं ते माज संपत येताना. बीज सुटलं त्या जागी पीतपिंड तयार होतो. त्यातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) पुढचा माज रोखून धरतं. गर्भ राहिला नाही, तर तेराव्या-चौदाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयातून प्रोस्टाग्लॅन्डिन हे दुसरं संप्रेरक सुटतं आणि पीतपिंड विरघळतो. मग वाढत्या बीजकोषातलं इस्ट्रोजेन हे माज आणणारं संप्रेरक चढतं, मेंदूखालच्या ग्रंथीतून बीज सोडवणाऱ्या एलएच या संप्रेरकाची लाट उसळते आणि पुन्हा बीज सुटतं.

माज डोळ्यांनी शोधणं

मेंढी गाईसारखी हंबरत नाही, दुसरीवर चढतही नाही. फार तर शेपूट हलवत नराजवळ घुटमळते. माज ओळखावा तो नरानंच. म्हणून तेलात कालवलेला गेरू त्याच्या छातीला लावा. जिच्या कमरेवर रंग उमटला ती लागली. १७ दिवसांनी रंग बदला. दुसरा रंग मोजक्याच मेंढ्यांवर दिसला तर ठीक. बराचसा कळप पुन्हा रंगला, तर मेंढ्यांना सुई टोचत बसू नका, नर तपासून घ्या.

नराला लागलेलं ऊन विसरणं

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला जवळपास दोन महिने लागतात, त्यामुळे मेमध्ये तापलेला नर जुलैत जोमात चढला तरी मेंढी गाभ धरेलच असं नाही. उन्हाळाभर त्याला दुपारची सावली आणि मुबलक पाणी हवं.

नर बारा महिने कळपात ठेवणं

थंड मुलखातल्या मेंढ्या दिवस लहान होऊ लागले की माजावर येतात. आपल्याकडे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात फरक जेमतेम अडीच तासांचा, त्यामुळे इथं उजेडापेक्षा चारा जास्त बोलतो. पण नराचा एक फुकटचा उपयोग आपण वाया घालवतो. त्याला महिनाभर नजरेआड, वासाआड ठेवून मग अचानक सोडलं, तर चक्र थांबून थंडावलेल्या मेंढ्यांमध्ये एलएचचे झटके वाढतात आणि दोन-तीन दिवसांत बीज सुटतं. मात्र हे पहिलं बीज मुकं असतं. आधी प्रोजेस्टेरॉन मिळालेलं नसल्यानं मेंढी माज दाखवत नाही. काहींचा पहिला पीतपिंड तर आठवड्याच्या आतच विरतो आणि पुन्हा एक मुकी फेरी होते. त्यामुळे खरा माज १७ ते २५ दिवसांच्या दरम्यान दिसतो. आठवडाभर वाट पाहून "काही उपयोग नाही" म्हणत नर बाहेर काढणारे नेमके इथं फसतात.

खुराकात कंजुषी

पऱ्हाट्या, धसकटं संपलेली आणि नवं गवत अजून वर आलेलं नाही, अशा दिवसांत मेंढी हाडकलेली असते. नर सोडण्याआधी दोन-तीन आठवडे रोज पाव किलो मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा द्या. लठ्ठ मेंढीला त्याचा फायदा नाही.

आता इंजेक्शन

प्रोस्टाग्लॅन्डिन चालतं ते पीतपिंड असेल तरच, म्हणजे चक्राच्या साधारण पाचव्या ते चौदाव्या दिवसात. चक्र थांबलेल्या मेंढीला दिलं तर पैसे पाण्यात. लवकरच्या गाभणीला दिलं तर गाभ पडतो, म्हणून आधी सोनोग्राफी करून घ्या. गरोदर बाईनं किंवा दमेकऱ्यानं ते हाताळूच नये. चक्रच थांबलं असेल, तर डॉक्टरांकडून प्रोजेस्टेरॉनचा स्पंज मेंढीच्या योनीत १२ ते १४ दिवस ठेवावा लागतो आणि काढताना पीएमएसजी (बीजकोष वाढवणारं संप्रेरक) द्यावं लागतं. त्यानंतर ३६ ते ४८ तासांत बहुतेक मेंढ्या एकदमच माजावर येतात. एरवी २५-३० मेंढ्यांना एक नर पुरतो, इथं दहाला एक लागेल. उसने नर आधीच ठरवून ठेवा.

आणि एकदम लागलेल्या मेंढ्या वितातही एकदम, सुमारे १४७ ते १५० दिवसांनी. जुलैच्या मध्यात लागल्या तर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. तेव्हा कळप वाटेवर असेल की वाड्यावर, याचा हिशेब स्पंज बसवण्याआधी करा.